हवेचा विरोध नगण्य मानून

प्रिय रुश्दी,

पाकीट पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. आपल्यात जायला आता उरलंय तरी कोण. मी एकटी, आणि मी तर हे लिहिते आहे. फोन करता आला असता. पण फोनवर तू पाच मिनिटांत "बरंय अब्ला, जप स्वतःला" म्हणून मोकळा होतोस, थोरल्या बहिणीला अब्ला म्हणायचं तेवढं विसरत नाहीस. अकरा वर्षं हेच चाललंय, वर्षाला दोन ईद आणि दोन फोन. पत्र असं मध्येच ठेवून देता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. शाळेत असताना तू माझी शिकवणीची पानंसुद्धा जपून ठेवायचास, त्यातलं एकही गणित न सोडवता. पाकिटात एक छोटी पुडीही आहे. ती आधी उघडू नकोस. मी सांगेन तेव्हा उघड.

आधी घरची बातमी. महिनाअखेर ही जागा सोडते आहे. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या आहेत रे, आणि माझे दोन्ही गुडघे संपावर गेलेत. लिफ्ट बाबांच्या वेळी बंद पडली ती पडलीच. भाजी, पाव, औषधं सगळं टोपलीनं वर ओढते. दोरीनं तळहाताला घट्टे पडलेत. पण माणसाला टोपलीत बसवून उतरवता येत नाही. खाली गेलं की परत चढायचं, म्हणून मग आठ-आठ दिवस उतरतच नाही. मंदरा वस्तीच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात. दारात लिंबाचं झाड आहे. बाल्कनी नाही. घरमालकीण बाई मला दहा वेळा समजावत होती, की बाल्कनी नसली तरी उजेड चांगला आहे हो. तिला काय सांगणार, की बाल्कनी नाही म्हणूनच घेते आहे. थकले मी रुश्दी. नुसती पायांनी नाही.

परवा तुझ्या नईमाचा फोन आला होता. तुला तिनं सांगितलं नसणार. तास दीड तास बोलली. बाळाचं नाक तुझ्यावर गेलंय म्हणे, बिचारं. सातव्या दिवशी तुम्ही तिकडे अकाबातसुद्धा सगळं रीतसर केलंत हे ऐकून बरं वाटलं. बाळाला चाळणीत घालून हलवलं, तुझ्या सुहैरनं त्याच्या कानाशी पितळी खलबत्ता बडवला, आईचं ऐक, बापाचं ऐक, आजीचं तर ऐकच ऐक म्हणून ओरडून सांगितलं. मग सगळे म्हणाले, उचला आता आजोबा. आणि तू दोन्ही हात पाठीमागे घेतलेस. "माझ्या हातून नको, पडेल," म्हणालास. पाहुणे हसले, त्यांना थट्टा वाटली. नईमाला नाही वाटली. "आत्या," ती म्हणाली, "बाळ महिन्याचं होत आलं, बाबांनी त्याला अजून घेतलेलं नाही. पाळण्याशेजारी बसतात, त्याच्याशी गप्पा मारतात, पण ते रडलं की आईला हाक मारतात. मला तरी घेतलं होतं का गं त्यांनी?" घेतलं होतं तर! याच बाल्कनीत, एका हातावर ती आणि दुसऱ्या हातात चहाचा पेला, आणि मान खाली वाकडी करून खालच्या इस्त्रीवाल्या उस्ता अरफाशी फुटबॉलवरून भांडण. मी तिला एवढं सांगितलं आणि फोन ठेवला. पुढचं सांगायला जीभ रेटेना. त्या पोरीची काय चूक होती म्हणून तिला तिच्या बापाआधी सांगायचं?

ढिल्या हातांचा हे नाव तुला बाबांनी दिलं. ईदच्या बिस्किटांचं ताट तू पाडलंस त्या दिवशी. "याच्या हातात दिलं काय आणि जमिनीवर टाकलं काय, सारखंच," असं ते म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच. अकरा वर्षांनी मोठी होते तुझ्याहून. मला दिसायला हवं होतं, की ताट भट्टीतून आत्ताच आलं होतं, चटका बसत होता, आणि तू सहा वर्षांचा होतास. पण घरात एकदा नाव पडलं की पडलं. पुढे मांजरानं बशी फोडली तरी आई स्वयंपाकघरातून तुझ्याच नावानं ओरडायची. तूही कधी "मी नाही" म्हणाला नाहीस. मुकाट्यानं केरसुणी आणायचास.

आणि गंमत बघ, आख्ख्या गल्लीत चावी सगळ्यांत नेमकी कोण टाकायचं? तू. हे कसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, देव जाणे. माझ्या लक्षात आहे. खाली कुणी हाक मारली की बाबा खिळ्यावरची पुरचुंडी काढायचे. त्यांचा तो चौकड्यांचा सुती रुमाल, मधोमध चावी, चावीशेजारी त्यांच्या मासेमारीच्या गळाचं शिसं, आणि चारही टोकं गोळा करून एक गाठ. शिशाच्या वजनानं ती सरळ खाली जायची. टोकं फडफडायची, म्हणून दिसायची आणि जरा सावकाश पडायची. "झेलू नका हो, बाजूला व्हा, पडू दे!" हे बाबांचं वरून ठरलेलं ओरडणं. उस्ता अरफा इस्त्रीच्या दुकानासमोर खडूनं वर्तुळ काढायचा, तोंडातल्या पाण्याची फुर्रकन फवारणी सोडून वर बघायचा आणि तुला डिवचायचा, टाक बघू मर्द असशील तर. आणि तू पाचव्या मजल्यावरून बरोबर वर्तुळात टाकायचास. दहातल्या नऊ वेळा. बाबा मात्र चुकलेल्या दहाव्या वेळेचंच बोलायचे.

पदार्थविज्ञानाच्या शिकवणीतला तो नगण्य शब्द आठवतो? छतावरून दगड पडतो, उंची पंधरा मीटर, हवेचा विरोध नगण्य मानून वेळ काढा. तू विचारलंस, अब्ला, नगण्य म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे असतो, पण मोजायचा नसतो. "हां, म्हणजे या घरात मी," असं म्हणालास तू. मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. मग तुला समजावलं, की जमीन सगळ्यांना सारखीच ओढते. चावी असो की पीस, तिला आपपरभाव नाही. हवा काढून घेतली तर दोन्ही एकदमच खाली येतील. पीस रेंगाळतं ते वजन कमी म्हणून नाही, त्याच्या वजनाच्या मानानं त्याला हवा फार अडवते म्हणून. तू डोकं खाजवून म्हणालास, "मग सगळी करणी हवेचीच, आणि तिलाच मोजायचं नाही? हे कुणी ठरवलं?" मी म्हटलं, परीक्षेपुरतं ठरवलंय, गप लिही. त्या परीक्षेत तुला शंभरात एकोणीस मिळाले. प्रश्न मात्र तुझा बरोबर होता. मी एकतीस वर्षं मुलींना शिकवलं, एवढा सरळ प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही.

आता त्या दुपारचं. माहीत आहे तुला ते वाचायचं नाही. मलाही लिहायचं नव्हतं, तीन दिवस कागद नुसता समोर ठेवून बसले आहे. पण वाच.

चोऱ्या वाढल्या म्हणून इमारतीला आतूनही चावीशिवाय न उघडणारं नवं लोखंडी दार बसवून महिना झाला होता. घरटी एकच चावी, ती जुन्या चावीच्या निम्मीसुद्धा नाही, पातळ, पोलादी. दुसरी करून घ्यायची राहून गेलेली. आपली खिळ्यावर. दारवान गावी गेलेला, शेजारी सगळे कामावर. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, म्हणजे मकनसा आलेलं. नावच केरसुणीचं त्या वादळाचं, समुद्रावरून येतं आणि गल्ल्या झाडून काढतं. तू आईला भेटायला आला होतास. शाळेत तुझा फोन आला, आईच्या छातीत कळ आली आहे, ती माझा हात सोडत नाही, तू डॉक्टरांना घेऊन ये. मी डॉक्टर हलीमना त्यांच्या दवाखान्यातून अक्षरशः ओढत आणलं. खाली उभी राहून बोंबलले, रुश्दी, चावी! तू बाल्कनीत आलास, वाकलास आणि टाकलीस. आम्ही माना वर करून उभे. ती खाली येईचना. कापड उघडलं, फुगलं, आणि चावी आडवी चालायला लागली. अरफाच्या दुकानावरून, विजेच्या तारांवरून, समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मादाम कलियोपीच्या बाल्कनीत गेली. मादाम अथेन्सला मुलाकडे गेलेली, झडपा बंद, दाराला कुलूप.

तू धावत खाली आलास. दुसरं करणार तरी काय होतास? आत तू, बाहेर मी, मध्ये ते गज. तू दार हलवत होतास. तुझ्या मनगटावर आईच्या बोटांचे वळ होते, मला दिसले. वर आई एकटी. आणि मी गज धरून किंचाळले, "रुश्दी, काय केलंस हे! एक चावी धड टाकता येईना तुला?" सगळ्या गल्लीनं ऐकलं. अरफानं पहार आणून कुलूप तोडेपर्यंत वीस मिनिटं गेली. मग त्या अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. डॉक्टर आतल्या खोलीतून बाहेर आले तेव्हा नळी पिशवीत ठेवत होते, अगदी सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखे. वेळेवर पोचलो असतो तर काही करता आलं असतं का, हे मला सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. ते तुझ्याकडे बघून म्हणाले नव्हते. तरी मान तू खाली घातलीस.

पुढचं तुला ठाऊक आहे. मावश्या, आत्या, चुलतभाऊ, सगळ्यांना माझं ते एक वाक्य पुरलं. ढिल्या हातांचा रुश्दी, आईची चावीसुद्धा पाडून आला. कॉफीचे पेले फिरवायचं काम शोकाच्या दिवसांत धाकट्या मुलाचं. तुझ्या हातात कुणी तबक दिलं नाही. चाळिसावा दिवस झाला आणि एकेचाळिसाव्या दिवशी तू बायको-मुलीला घेऊन अकाबाला निघून गेलास. कोठारातलं काम मिळालंय म्हणालास. मी बसपर्यंतसुद्धा आले नाही. शाळा आहे म्हटलं. त्या दिवशी शुक्रवार होता, रुश्दी, सुट्टीचा.

मागच्या आठवड्यात मादाम कलियोपीची जागा उघडली. मादाम तिकडेच वारली, मुलानं जागा विकली. घेणारी औषधांच्या दुकानातली एक तरुण बाई आहे, हसतमुख, धडधाकट. बाल्कनी झाडताना तिला वाळक्या कुंड्यांच्या मागे एक चिंधी सापडली, ती घेऊन ती सगळ्या पायऱ्या चढून माझ्याकडे आली. "अब्ला, ही तुमचीच असणार," दारातच म्हणाली. "खाली उस्ता अरफा म्हणाले, या गल्लीत इतकी नेटकी गाठ मारणारी बाई एकच." मी तिला चहासुद्धा विचारला नाही. दार लावून घेतलं आणि ओट्याशी उभ्या उभ्या किती वेळ त्या गाठीकडे बघत राहिले. उन्हापावसानं रंग गेलाय. गाठ आहे तशी आहे.

अरफा बरोबर बोलला. गाठ माझी आहे. आणि शिसं त्यात नाही. आई गेली त्याच्या महिनाभर आधी, नवी चावी आल्या-आल्या, मी टाकलेली पुरचुंडी अरफाच्या टकलावर पडली होती. टेंगूळ घेऊन वर आला बिचारा, "अब्ला, प्रयोग करायला शाळा कमी पडते का, म्हणून माझं डोकं घेता?" मला लाज वाटली, आणि डोक्यात कल्पनाही आली. बाबांचं शिसं काढून टाकलं. तो सुती रुमाल ठेवून दिला आणि माझी निळी रेशमी ओढणी घेतली, तिच्या चार टोकांना दोरे बांधले, दोरे गोळा करून खाली चावी. हवाई छत्री! सावकाश उतरेल, कुणाला लागणार नाही. शाळेत नेऊन तिसऱ्या मजल्यावरून आवारात सोडून दाखवली. चाळीस मुलींनी टाळ्या वाजवल्या. आवार चहूबाजूंनी बंद, पान हलत नव्हतं. कौतुकानं फुगून घरी आले आणि ती खिळ्यावर टांगली. तुला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाटलं. तू त्या दुपारी धावत आलास, खिळ्यावर जे होतं ते काढलंस आणि नेहमीसारखं सरळ खाली टाकलंस. पावणेदोन सेकंदांत पडणारी वस्तू मी पाच-सहा सेकंद हवेत टांगून ठेवली होती, आणि बाहेर मकनसा होतं. मी सगळं मोजलं, फक्त वारा मोजला नाही.

आणि रुश्दी, हे मला आता ती चिंधी पाहून कळलेलं नाही. कापड उघडलं त्याच क्षणी कळलं. तुझा हात अजून कठड्याबाहेर होता, तेवढ्यात कळलं. पदार्थविज्ञानाची शिक्षिका आहे मी. कळलं म्हणूनच तर इतक्या मोठ्यानं किंचाळले. मग शोकाच्या तिसऱ्या दिवशी तू माझ्याजवळ येऊन बसलास, आणि विचारलंस, "अब्ला, चावी हाताला हलकी लागली होती का गं? शिसं नव्हतं का त्यात?" तुझ्या हातांना बरोबर कळलं होतं. तेव्हा एक हो म्हणायचं होतं मला. मी म्हटलं, "तू घाबरला होतास, तुला भास झाला." तू मान हलवलीस आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसलास. ते बघून मी उठून आत गेले. अकरा वर्षं मी त्या उठून जाण्याला काहीबाही नावं देत आले; आज एकच देते, भेकडपणा.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. ती दे, न दे, तो तुझा हक्क आहे, आणि इतक्या उशिरा मागायला मला तोंड नाही. मावश्यांना, आत्यांना, अरफाला, जे जे जिवंत आहेत त्यांना मी या आठवड्यात एकेक करून सांगितलं. अरफा म्हणाला, "ते वर्तुळ मी काढायचो ना अब्ला, तेव्हा तर पोरगा चुकत नव्हता." लिहिलंय ते त्या बाळासाठी. आता पुडी उघड. कापड ओळखशील. दोरे मोज, चार आहेत. गाठ सोडून बघ, शिसं नाही. तुझ्या हातून त्या दुपारी काहीही पडलं नाही. तू नीट टाकलेलं मी वाऱ्यावर सोडलं. मंदराच्या जागेला पायऱ्या नाहीत, चावीही कुणी वरून टाकायला नको, दार ढकललं की उघडतं, कधी यावंसं वाटलं तर. पण त्याला घाई नाही. आधी उठ, हात धू, पाळण्याशी जा आणि त्याला उचल. एक हात मानेखाली, तुला आठवेल. आणि ते रडलं तर सुहैरला हाक मारू नकोस.

तुझीच,
जिला तू अजूनही अब्ला म्हणतोस ती
विदाद